आइस मशीन बर्फ कमी देतेय? गॅस भरायच्या आधी एवढं बघा

सीझनमध्ये फोन आला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "मशीन बर्फ देत नाय, जरा येऊन गॅस मारून जा." गोव्यात मोरजी-मांद्र्यापासून कळंगुटपर्यंत कुठेही जा, शॅक असो नाहीतर मोठं हॉटेल, आइस मशीनला काहीही झालं तरी निदान एकच, गॅस संपला. आता गॅस म्हणजे काय स्कूटरमधलं पेट्रोल आहे का चालवून संपायला? तो बंद पाइपांत गोल फिरत असतो, वर्षानुवर्षं तोच. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे, भोक नसेल तर कमी झालेला नाही. आणि भोक न शोधता वरून गॅस मारला तर दोन आठवड्यांनी परत तोच फोन येणार, फक्त यावेळी पात्रांवचा (मालकाचा) आवाज चढलेला असेल.

हे लिहितोय ते मुख्यतः हॉटेलच्या मेंटेनन्सवाल्यांसाठी आणि एसीचं काम येणाऱ्या पोरांसाठी, ज्यांना मधूनमधून आइस मशीनचे कॉल येतात. एसीवाल्याला सवय असते आल्या आल्या गेज (गॅसचं प्रेशर मोजायचं मीटर) लावायची. आइस मशीनला ती सवय महागात पडते. एक तर छोट्या मशीनमध्ये गॅसच मुळात दोन-चारशे ग्रॅम, कधी त्याहून कमी, आणि हाय साइडच्या (जास्त प्रेशरच्या बाजूच्या) होजमध्ये, म्हणजे गेजच्या नळीत, लिक्विड भरून राहतं ते तुम्ही होज काढताना उडून जातं, म्हणजे चांगल्या मशीनला नुसतं गेज लावून काढलं तरी गडबड होऊ शकते. दुसरं म्हणजे इथे प्रेशर एका जागी उभं राहतच नाही. एसीला सक्शन (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं प्रेशर) बघितलं, ठीक आहे, संपलं. आइस मशीनमध्ये फ्रीझ (पाणी गोठवायचा टप्पा) सुरू होताना सक्शन वर असतं आणि बर्फ जाड होत जाईल तसं खाली खाली येत राहतं, त्यामुळे "सक्शन चाळीस आहे" या वाक्याला काही अर्थच नाही जोपर्यंत फ्रीझच्या कितव्या मिनिटाला चाळीस ते सांगत नाही तोपर्यंत.

थोडक्यात मशीन कसं चालतं ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फ्रीझमध्ये पाण्याचा पंप खालच्या ट्रेमधलं पाणी एव्हॅपरेटरवर (बर्फ जिथे धरतो तो गार भाग) सतत ओतत असतो (काही मशीनमध्ये वरून धार, काहींत खालून फवारा), मागून गार गॅस जातो, पाणी थराथराने गोठत जातं. ठरलेली जाडी झाली की मशीनला ते कळतं, कुठे प्रोबने, कुठे फ्लोटने, कुठे टेम्परेचर आणि टायमरने. मग हार्वेस्ट. हॉट गॅस सोलेनॉइड (विजेने उघडणारा) वॉल्व उघडतो, कॉम्प्रेसरमधून निघालेला गरम गॅस कंडेन्सरमध्ये (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलमध्ये) न जाता थेट एव्हॅपरेटरमध्ये घुसतो, बर्फाची पकड सुटते आणि तो बिनमध्ये (साठवायच्या पेटीत) पडतो. वॉल्व बंद, परत फ्रीझ. फ्रीझ साधारण दहा ते पंचवीस मिनिटं, हार्वेस्ट एक ते तीन मिनिटं, फवाऱ्याच्या मोठ्या क्यूबवाल्या मशीनला जरा जास्त. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तक्त्यात दिलेला असतो, हवा किती गरम आणि पाणी किती गरम त्याप्रमाणे. तो तक्ता मोबाइलमध्ये ठेवाच, होशिझाकी, मॅनिटोवॉक, स्कॉट्समन, ब्रेमा, सगळ्यांची मॅन्युअल मिळतात.

आता पहिला प्रश्न, बर्फ खरंच कमी येतोय का? हसू नका, अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. मे महिना, उर्राकचे (काजूच्या दारूचे) शेवटचे दिवस, प्रत्येक टेबलावर लिमकाबरोबर ग्लास भरून बर्फ जातोय, आणि मालक म्हणतो डिसेंबरात पुरत होता आता का पुरत नाही. एक किलो पाणी शून्यावर आल्यावर गोठवायला ८० किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात, त्याच्या आधी पाणी जेवढ्या डिग्रीवर असेल तेवढ्या वेगळ्या. कॅटलॉगमध्ये बारीक अक्षरात पाणी १५ डिग्री धरलेलं असेल तर हिशोब झाला ९५. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून मेमध्ये येणारं पाणी ३४ डिग्री असेल तर ११४. म्हणजे नुसत्या पाण्यामुळे वीस टक्के काम वाढलं, शिवाय कंडेन्सरला मिळणारी हवाही गरम. मशीन ठणठणीत असूनसुद्धा कॅटलॉगमधला आकडा गोव्यात मेमध्ये मिळणार नाही, आणि हे मालकाला मशीन विकतानाच सांगायला हवं होतं, पण ते कोण सांगतो.

तर मोजा. एका वेळेला पडलेला सगळा बर्फ बादलीत धरून वजन करा. समजा १.२ किलो. फ्रीझ २० मिनिटं, हार्वेस्ट ३, म्हणजे २३ मिनिटांना एक फेरी. दिवसाची १४४० मिनिटं भागिले २३, साधारण ६२ फेऱ्या, गुणिले १.२, झाले ७५ किलोच्या आसपास. हा आकडा मॅन्युअलच्या तक्त्यातल्या त्या-त्या हवापाण्याच्या रकान्याशी लावून बघा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर मशीनला काही झालेलं नाही, टाकीवर शेड घाला किंवा दुसरं मशीन घ्या. आकडा खूपच कमी असेल तरच पुढे वाचा.

पुढे म्हणजे लगेच गॅस नाही. आधी बाहेरच्या गोष्टी, आणि यात मी मुद्दाम वेळ घालवणार आहे कारण आपल्या किनारपट्टीवर बहुतेक मशीन इथेच अडकलेली असतात.

कंडेन्सर. समोरून बघून "साफ आहे" म्हणू नका, टॉर्च मागून मारा आणि प्रकाश आरपार येतो का बघा. किचनचं तेल, वर पिठाची धूळ, वर समुद्राच्या हवेतलं मीठ, असा थर बसतो की तो ब्रशनेही निघत नाही, कॉइल क्लीनर मारून पाण्याने हलक्या प्रेशरने धुवावा लागतो (इलेक्ट्रिकल भाग प्लास्टिकने झाकून, आणि मेन बंद करून, हे सांगायला नको पण सांगतो). बीचला लागून असलेल्या मशीनची अजून एक गंमत असते, ॲल्युमिनियमच्या फिन (पाइपांवरच्या पातळ पट्ट्या) खारट हवेने खाऊन पांढरी भुकटी झालेल्या असतात, हात लावला की गळतात. असा कंडेन्सर दिसायला मोकळा आणि कामाला मेलेला. फिन पाइपला चिकटलेल्याच नाहीत तर उष्णता जाणार कुठून? तो बदलणं हाच उपाय, धुऊन काही होणार नाही.

फॅन फिरतोय म्हणजे ठीक आहे असंही नाही. कॅपॅसिटर कमजोर झाला की फॅन फिरतो पण ढिला फिरतो. आणि हवा येते कुठून ते बघा. बार काउंटरच्या खाली ढकललेलं मशीन स्वतःचीच गरम हवा परत ओढत असतं. थर्मामीटर रूममध्ये नाही, कंडेन्सरच्या जाळीसमोर धरा. रूम ३३ आणि जाळीसमोर ४५ असं मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय, कधी शेजारी तंदूर, कधी फ्रायर, कधी कुणीतरी बियरचे क्रेट व्हेंटला लावून ठेवलेले. बहुतेक मशीन साधारण ४० पर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात, त्याच्या वर ती काय करतील ते त्यांनाच माहीत.

व्होल्टेज. शॅकला खांबापासून लांबून केबल ओढलेली असते, बारीक गेजची, मधे तीन जॉइंट. मशीन बंद असताना २३० दाखवतं आणि कॉम्प्रेसर उचलताना १९० ला पडतं. म्हणून मीटर बोर्डावर नाही, मशीनच्या टर्मिनलवर लावा, आणि कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी बघा. संध्याकाळी सातला, सगळ्यांचे दिवे-फ्रिज-स्पीकर चालू असताना बघितलंत तर अजून चांगलं. कॉम्प्रेसर गुणगुणतो आणि ओव्हरलोडवर ट्रिप होतो, पाच-दहा मिनिटांनी परत प्रयत्न करतो, तोपर्यंत फ्रीझची वेळ वाढत राहते, आणि मालकाला दिसतं फक्त "बर्फ कमी". रिले, स्टार्ट कॅपॅसिटर, कॉन्टॅक्टर हेही इथेच बघून घ्या. कॉन्टॅक्टरमध्ये मेलेली पाल किंवा मुंग्यांचं घर मिळणं हे आपल्याकडे अगदी नेहमीचं.

आता पाणी, ज्याला लोक रेफ्रिजरेशनचा प्रॉब्लेम समजतात. पाण्याचा इनलेट वॉल्व नीट बंद होत नसेल तर पूर्ण फ्रीझभर थोडं थोडं गरम पाणी ट्रेमध्ये येत राहतं. मशीन बिचारं ट्रे गार करतंय, वरून गरम पाणी येतंय, बर्फ काही धरत नाही, लक्षणं हुबेहूब गॅस कमी असल्यासारखी. ओळखायची सोपी पद्धत: ट्रे भरून फ्रीझ सुरू झालं की पाण्याचा नळ हाताने बंद करा. तेवढ्याने बर्फ नीट बसायला लागला तर इनलेट वॉल्व बदला, गॅसला हात लावू नका. ज्या मशीनला ड्रेन वॉल्व आहे तिथे उलटं बघा, फ्रीझ चालू असताना ड्रेनच्या पाइपमधून पाणी ठिबकतंय का. गार झालेलं पाणी गटारात आणि त्याच्या जागी नवीन गरम पाणी, तेच दुखणं.

पाणी सगळ्या एव्हॅपरेटरवर सारखं पडायला पाहिजे. आपल्याकडे जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी तसं हलकं, घाटावरसारखा पांढरा स्केल फार बसत नाही, पण लोखंडामुळे लालसर चिकट थर बसतो आणि वाटणाऱ्या नळीची भोकं बुजतात. किनाऱ्याजवळची बोअर असेल तर पाणी खारट, आणि खारट पाण्याचा बर्फ मऊ, धुरकट आणि उशिरा होतो. टँकरचं पाणी म्हणजे आज एक उद्या दुसरं. आणि ज्यांनी हे सगळं बघून आरओ लावलाय त्यांच्यासाठी एक सूचना, ज्या मशीनमध्ये जाडी ओळखायला प्रोब असतो तो पाण्यातून जाणाऱ्या बारीकशा करंटवर चालतो. आरओचं पाणी अगदीच कोरडं, म्हणजे टीडीएस (विरघळलेले क्षार) फार कमी असेल तर प्रोबला पाणी लागूनही कळत नाही, बर्फाची लादी जाडच जाड होत जाते आणि हार्वेस्ट होत नाही. तिथे टीडीएस थोडा वाढवा.

एवढं सगळं ठीक निघालं, तर आता खुर्ची घ्या आणि एक पूर्ण फेरी बघत बसा. खरंच बसा. हे काम उभ्या उभ्या दुसऱ्या मशीनचं झाकण उघडून होत नाही. लागणार काय, घड्याळ, क्लॅम्प मीटर, थर्मामीटर आणि हात. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर चकचकीत तांब्यावर तो खोटं बोलतो, पाइपवर काळी टेप गुंडाळा आणि टेपवर नेम धरा. आणि डिस्चार्ज पाइपला (कॉम्प्रेसरमधून गरम गॅस निघतो तो) हात लावताना बोटाने पटकन टेकवून बघा, मुठीत धरू नका, भाजतं.

काय काय बघायचं? बर्फ कुठे धरतोय ते सगळ्यात आधी. एक्स्पान्शन वॉल्वकडून (एव्हॅपरेटरमध्ये लिक्विड मोजून सोडणारा वॉल्व) किंवा कॅपिलरीकडून (त्याच कामाची बारीक नळी) येणारा पाइप एव्हॅपरेटरमध्ये कुठून शिरतो आणि सक्शन पाइप कुठून बाहेर पडतो हे शोधून ठेवा, म्हणजे आत आणि बाहेर अशा दोन बाजू कळल्या. मग फ्रीझ संपत आलं की कॉम्प्रेसरच्या डिस्चार्ज पाइपचं टेम्परेचर, कॉम्प्रेसरपासून साधारण एक वीत सोडून. मग कॉम्प्रेसरचा करंट, तो नेमप्लेटशी जुळतो का. मग हॉट गॅस वॉल्वच्या पाइपला हात. हे चार घेतले की गुन्हेगार साधारण कळतो, कारण आइस मशीनमध्ये रेफ्रिजरेशनचे मुख्य संशयित चारच: हॉट गॅस वॉल्व आतून लीक, गॅस कमी (किंवा एक्स्पान्शन वॉल्व अडकून कमी सोडतोय), एक्स्पान्शन वॉल्व जास्त सोडतोय, आणि कॉम्प्रेसर पंप करत नाही. एकट्या एका लक्षणावर कुणालाच फाशी देऊ नका. सक्शन जास्त हे चारातल्या तिघांत येऊ शकतं.

हॉट गॅस वॉल्व आधी, कारण यालाच सगळ्यात जास्त वेळा "कॉम्प्रेसर गेला" म्हणून सांगतात आणि मालक हजारोंचा कॉम्प्रेसर बदलून बसतो. वॉल्वच्या सीटवर कचरा अडकला की तो फ्रीझमध्येही पूर्ण मिटत नाही. थोडा गरम गॅस सतत एव्हॅपरेटरमध्ये शिरत राहतो, म्हणजे एका हाताने गार करायचं आणि दुसऱ्याने तापवायचं. सक्शन वर राहतं, बर्फ सगळीकडेच पातळ किंवा धरतच नाही. तपासायचं असं, फ्रीझ सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली की वॉल्वकडे येणारा पाइप आणि कॉम्प्रेसरचा डिस्चार्ज पाइप यांची तुलना करा. वॉल्व नीट मिटला असेल तर त्याच्यातून काही वाहत नाही, त्यामुळे त्याच्या तोंडाशी पाइप हळूहळू निवतो, डिस्चार्ज मात्र चटका देणारा. दोन्ही सारखेच तापलेले असतील तर गॅस वाहतोय, वॉल्व लीक. फ्रीझ सुरू झाल्या झाल्या हात लावलात तर आत्ताच संपलेल्या हार्वेस्टची गर्मी असते आणि फसाल, थांबायचं.

याच वॉल्वचं उलट दुखणं म्हणजे न उघडणं. बर्फ तयार पण पडत नाही. हार्वेस्टला कॉइलवर व्होल्टेज येतंय का बघा, येत असेल तर स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉइलच्या डोक्यावर टेकवा, चुंबकाने ओढलं पाहिजे. ओढतंय पण गॅस जात नाही तर वॉल्व आतून जाम. व्होल्टेजच येत नसेल तर दोष बोर्डात किंवा प्रोबमध्ये, रेफ्रिजरेशनमध्ये नाही. आणि हे सगळं ठीक असून बर्फ चिकटून राहत असेल तर एव्हॅपरेटर मशीनच्या माहितीपत्रकात सांगितलेल्या क्लीनरने धुवा, बऱ्याच मशीनला निकेलचा थर असतो त्याच्यावर, घरातलं ॲसिड टाकलंत तर तो उडाला म्हणून समजा.

गॅस कमी असेल तर चित्र वेगळं दिसतं. आतल्या बाजूला बर्फ चांगला, कधी नेहमीपेक्षा जाड, आणि बाहेरच्या बाजूला पातळ नाहीतर कोरडं. सक्शन कमी, डिस्चार्ज प्रेशर कमी, करंटही कमी. हार्वेस्टसुद्धा रेंगाळतं कारण तापवायला गरम गॅस पुरेसा नाही. पण एक्स्पान्शन वॉल्वची जाळी चोंदली असेल किंवा त्याच्या बल्बमधला (सक्शन पाइपवर बांधलेला, टेम्परेचर ओळखणारा भाग) गॅस निघून गेला असेल तरी एव्हॅपरेटरची बाजू अशीच दिसते. यातला फरक ओळखायला थोडा थोडा गॅस वजन करून टाकून बघता येतो, टाकल्यावर बर्फ सरळ झाला तर गॅसच कमी होता आणि आता लीक शोधणं बंधनकारक झालं, फरकच पडला नाही तर वॉल्ववर संशय. फिल्टर ड्रायरच्या (गॅसमधला ओलावा आणि कचरा गाळणारा भाग) दोन्ही टोकांना हात लावून बघायला विसरू नका, आत येताना कोमट आणि बाहेर जाताना गार असेल तर ड्रायरच चोंदलाय.

एक चलाख प्रकार आहे तो ओलाव्याचा. मशीन सुरुवातीला छान चालतं, मग अचानक सक्शन खाली खाली जात व्हॅक्युममध्ये, बर्फ थांबतो, मशीन बंद ठेवलं किंवा हार्वेस्ट झालं की परत शहाण्यासारखं चालतं. आत पाणी गेलंय, ते एक्स्पान्शन वॉल्वच्या किंवा कॅपिलरीच्या बारीक तोंडाशी गोठतं, नंतर वितळतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत कुणी पाइप उघडे ठेवून जेवायला गेला असेल तर हे होतंच.

एक्स्पान्शन वॉल्व जास्त सोडत असेल तर डिस्चार्ज पाइपवर लक्ष ठेवा. फ्रीझच्या शेवटी तो साधारण ६५ डिग्रीच्या वर असायला हवा. खाली राहत असेल, कॉम्प्रेसरचं अंग गार आणि घामेजलेलं असेल, तर लिक्विड परत कॉम्प्रेसरकडे येतंय आणि असंच चालू राहिलं तर कॉम्प्रेसरही जाणार. पण वॉल्व बदलायच्या आधी त्याचा बल्ब बघा. सक्शन पाइपवरची पट्टी ढिली झालेली, इन्सुलेशन उंदराने खाल्लेलं, बल्ब लोंबकळतोय गरम हवेत, त्याला वाटतं एव्हॅपरेटर गरम आहे, तो अजून उघडतो. पाइप घासून, बल्ब घट्ट बांधून, वर इन्सुलेशन गुंडाळलं की बऱ्याचदा काम होतं. आणि आधीच्या माणसाने गॅस जास्त भरला असेल तरी असंच दिसू शकतं, विशेषतः कॅपिलरीच्या मशीनला, तर विचारून घ्या मागे कोण येऊन गेलं होतं.

राहिला कॉम्प्रेसर. सक्शन जास्त, डिस्चार्ज कमी, करंट नेमप्लेटच्या बराच खाली, बर्फ सगळीकडे पातळ, आणि हॉट गॅस वॉल्व वरच्या परीक्षेत पास झालाय. हे सगळं एकत्र असेल तरच कॉम्प्रेसरला दोष द्या. हा संशयित शेवटी घ्यायचा, कारण सगळ्यात महाग तोच.

आता कुठे गेज. लावायचंच झालं तर छोटी होज, हाय साइडला शक्यतो बॉल वॉल्ववाली. प्रेशर वाचताना पीएसआय पाठ करून उपयोग नाही, त्याचं टेम्परेचर करा. मशीनमधला गॅस आर ४०४ए असेल तर ४५ डिग्रीला साधारण २८० पीएसआय आणि ५० ला ३२०, आर १३४ए ला तेच १५० आणि १७५. कंडेन्सरचं टेम्परेचर समोरच्या हवेपेक्षा दहा ते पंधरा डिग्री वर असणं ठीक. हवा ३५ डिग्री आणि गेज सांगतंय ६० डिग्री, तर कंडेन्सर घाण, फॅन ढिला, गॅस जास्त किंवा आत हवा. आत हवा आहे का ते ओळखायला मशीन बंद करून दोन-तीन तास निवू द्या आणि उभं प्रेशर बघा. ३० डिग्रीच्या रूममध्ये आर ४०४ए ला १९० च्या आसपास, आर १३४ए ला ९७ च्या आसपास. त्याहून बरंच वर असेल तर हवा आहे किंवा कुणीतरी भलताच गॅस मिसळलाय. सक्शन बाजूला आर ४०४ए फ्रीझ संपताना तीसेक पीएसआयला, म्हणजे वजा वीसच्या जवळ येतो, पण इथे मॉडेलप्रमाणे फरक पडतो म्हणून तक्ता बघा.

लीक शोधताना आधी डोळे वापरा, गॅसबरोबर तेल बाहेर येतं, तेलकट डाग म्हणजे खूण. कंडेन्सरची यू बेंड, घासणारी कॅपिलरी, सर्व्हिस वॉल्वची पिन, आणि मागच्या माणसाने केलेला प्रत्येक जॉइंट. किनाऱ्यावर तांब्यावर हिरवं चढलेलं असतं तिथे जास्त बारकाईने. सापडलं नाही तर राहिलेला गॅस काढून घ्या, नायट्रोजनचं प्रेशर द्या आणि साबणाचं पाणी लावा. ऑक्सिजनने प्रेशर कधीच देऊ नका, तेलाबरोबर त्याचा स्फोट होतो. ब्रेझिंग करताना (पाइप तापवून जॉइंट जोडताना) आतून नायट्रोजन हळू सोडत राहा नाहीतर आत काळी भुकटी होते आणि तीच पुढे वॉल्वची जाळी चोंदवते. ड्रायर नवीन. व्हॅक्युम मायक्रॉन गेजवर ५०० च्या खाली उतरून तिथे टिकला पाहिजे, "अर्धा तास पंप चालवला" हे माप नाही, जुलैत तर नाहीच. मग नेमप्लेटवर लिहिलेला गॅस काट्यावर मोजून. आर ४०४ए मिश्रण आहे, सिलिंडरमधून लिक्विड म्हणूनच काढायचा, वाफ काढत गेलात तर मिश्रण बिघडतं.

नवीन छोट्या मशीनवर आर २९० लिहिलेलं असेल तर तो प्रोपेन आहे, घरच्या सिलिंडरच्या गॅसचा भाऊ. गॅस मोकळ्या हवेत काढून, नायट्रोजनने पाइप धुतल्याशिवाय तिथे ब्रेझिंगचा टॉर्च पेटवायचा नाही, आणि बंद बार काउंटरच्या आत तर नाहीच. आणि आर ४०४ए च्या जुन्या मशीनमध्ये स्वस्त पडतो म्हणून असला पेटणारा गॅस भरून देणारे लोक फिरत असतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. ते मशीन त्यासाठी बनवलेलं नाही, त्याचे रिले-स्विच ठिणगी मारतात, आणि पुढच्या मेकॅनिकला नेमप्लेट वाचून कळणारही नाही आत काय आहे.

शॅकवाल्यांसाठी एक, पावसात मशीन गोदामात ठेवताना पाणी पूर्ण काढा, ट्रे आणि नळ्या धुऊन कोरड्या करा, कंडेन्सर गोड्या पाण्याने धुवा म्हणजे चार महिने मीठ फिन खात बसणार नाही. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. वायरिंगच्या भोकांना जाळी लावा उंदरांसाठी. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, हवा, पाणी, फ्रीझची मिनिटं, हार्वेस्टची मिनिटं, बर्फाचं वजन आणि करंट लिहून ठेवा, मशीन चांगलं चालत असतानाचे आकडे. चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर मशीन बाहेर काढाल तेव्हा पहिल्या तीन-चार फेऱ्यांचा बर्फ फेकून द्या आणि मग हेच आकडे परत घ्या, मागच्या आकड्यांपासून जे हललं असेल तिथून तपासायला सुरुवात करा.